जुनी मोटार घेताना आधी डिकी उघडावी

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



सेक्रेटरीताईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मला वाटले विषय चकलीचा असेल. फराळाच्या ऑर्डरी घेणारी मी बाई, शिक्षण सातवीपर्यंत. दुसरे काय विचारणार? पण त्या म्हणाल्या, "चकल्या आमच्या आम्ही करतो. तुम्ही जुनी गाडी कशी पारखून घेतलीत ते सांगा." आम्ही गाडी घेतल्यापासून आपल्या मुलुंड पूर्वेतल्या पाच-सहा घरांतून मला तेच विचारून झाले आहे, तेव्हा एकदाच सगळ्यांना सांगते.

गाडी घेणे हे पुरुषांचे काम, असे आपल्याकडे अजून धरून चालतात. पैसे जमवायला भिशी आपली, सामान भरायला आपण, मागच्या सीटवर मुलांना आणि वडीलधाऱ्यांना सांभाळून बसणार आपण, आणि पसंती मात्र पुढे बसणाऱ्याची! पुरुषमंडळी गाडीजवळ गेली की प्रथम बॉनेट उघडतात. माझे म्हणणे एवढेच की आपण आधी मागे जावे आणि डिकी उघडावी.

आपल्या लहानपणी हा प्रश्न नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ती फियाट, पुढे तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले, तिच्या टपावर लोखंडी कॅरिअर असे. मे महिन्यात दादरला गाडी पकडायला निघालो की ट्रंका, वळकट्या, आंब्याची रिकामी पेटीसुद्धा वर. टॅक्सीवाला दोरी आवळून बांधी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. त्या गाड्या डोक्यावर ओझे वाहायच्या, हल्लीच्या गाड्यांना सगळे पोटात घ्यावे लागते. म्हणून पोट किती आहे ते बघायला हवे.

आता आमची गरज सांगते. घरात आम्ही पाच माणसे. सासूबाईंचे दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून त्यांना चाकांची खुर्ची लागते. आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी न्यावे लागते. रिक्षावाले खुर्ची बघितली की मान हलवतात. एखादा थांबला तर खुर्ची मांडीवर घेऊन बसायचे. हळूहळू असे झाले की दवाखान्याखेरीज त्यांचे बाहेर पडणेच थांबले. नणंदेकडे डोंबिवलीला जाणे नाही, गणपतीला गावी जाणे नाही. "माझ्यामुळे कशाला खोळंबा," असे त्या म्हणायच्या. शिवाय दिवाळीत माझे फराळाचे डबे पोचवायचे. एवढ्यासाठी गाडी हवी होती. आणि पैसे म्हणाल तर घरची शिल्लक आणि माझी भिशी मिळून साडेसात लाखांपलीकडे एक पैसा नव्हता. नवी घ्यायची तर कर्ज काढावे लागले असते, ते घरात कोणालाच नको होते.

ह्यांचे आणि मुलाचे ठरूनच गेले होते की सीएनजीची गाडी घ्यायची. त्यांचे चुकत नव्हते. २०२५ साली आपल्या मुंबईत पेट्रोल लिटरला सुमारे १०३ रुपये होते आणि सीएनजी किलोला सुमारे ८०. त्यात पुन्हा एक किलो गॅसवर गाडी एका लिटर पेट्रोलपेक्षा जास्त पळते. वॅगनआरचा कंपनीचा आकडाच गॅसवर किलोला ३४ किलोमीटरचा आहे. रस्त्यावर तेवढे कोणालाच मिळत नाही हा भाग वेगळा. लालबहादूर शास्त्री मार्गावर संध्याकाळी उभे राहून बघा म्हणजे का मिळत नाही ते कळेल.

पण गॅसची टाकी कुठे असते? डिकीत! साठ लिटर पाणी मावेल एवढी जाड लोखंडी टाकी बहुतेक गाड्यांत मागे आडवी बसवलेली असते. तिच्या बाजूच्या फटींत दोन पिशव्या आणि एक छत्री राहील, बाकी काही नाही. म्हणजे जी गाडी इंधन वाचवते तिला सामानाला जागा नाही, आणि जिला जागा आहे ती पेट्रोल पिते. नव्या गाड्यांत यावर तोड निघाली आहे. टाटांनी मे २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवल्या, आणि २१० लिटरची जागा वर मोकळी ठेवली. मागून ह्युंदाईनेही तशी गाडी काढली. पण या गाड्या इतक्या अलीकडच्या की जुन्या बाजारात अजून थोड्याच येतात, आणि आल्या तरी किंमत नव्याच्या जवळपास.

डिकी लिटरमध्ये मोजतात. हे मला प्रथम मोठे मजेशीर वाटले, डिकीत काय ताक भरायचे आहे? वॅगनआरची, २०१९ नंतरच्या, ३४१ लिटर. डिझायरची, २०१७ पासून आलेल्या, ३७८. पाण्याचा जार वीस लिटरचा, म्हणजे डिझायरमध्ये सुमारे एकोणीस जार. आकड्यावरून डिझायर मोठी. आम्ही दोन्ही बघायला गेलो तेव्हा मी खुर्ची बरोबर नेली होती. एजंट हसला. म्हणाला, "वहिनी, गाडी बघायला आलात की दवाखान्यात?" मी म्हटले, "डिकी उघडा." डिझायरची डिकी आतून खोल आहे, पण तोंड लहान, मिटलेली खुर्ची आडवी करून, तिरकी करून, चाक पुढे करून पाहिली, आत जाईना. वॅगनआरचे मागचे दार वरपर्यंत उघडते, तिच्यात खुर्ची उभी राहिली, पण मागची काच झाकून गेली आणि डब्यांना जागा उरली नाही. मागची अर्धी सीट पाडली तर सगळे मावते, पण मग पाचवे माणूस कुठे बसवू? तेव्हा लिटर किती हे विचाराच, पण त्यावर जाऊ नका. तोंड किती रुंद, उंबरा किती उंच, आत चाकांचे उंचवटे किती येतात, हे बघा. उंबऱ्याचे तर विसरूच नका. पंधरा-सोळा किलोची खुर्ची कमरेपर्यंत उचलून आत लोटायची आहे, आणि बहुतेक वेळा ती आपल्यालाच उचलायची असते.

ज्यांना खुर्ची नेता येणार नाही त्यांनी आपल्या नेहमीच्या सर्वांत मोठ्या वस्तूच्या मापाचा पुठ्ठा कापून न्यावा. कोणाची बाबागाडी असेल, कोणाची पेटी-तबला, कोणाची साड्यांची गाठोडी. आणि शिंप्याची टेप पर्समध्ये असू द्यावी. तीच टेप आपल्या इमारतीतल्या पार्किंगलाही लावावी. पुनर्विकासात झालेल्या इमारतींतून आता एकावर एक गाड्या ठेवण्याचे यंत्र असते, त्यात उंच गाडी वर जात नाही.

मग आम्ही एर्टिगा पाहिल्या. नोव्हेंबर २०१८ पासून जी दुसऱ्या घडणीची एर्टिगा आली, तिला तीन रांगा आहेत. तिन्ही उभ्या ठेवल्या तर मागे जागा २०९ लिटर, आणि तिसरी रांग पाडली की ५५०. आम्ही पाचच माणसे, त्यामुळे तिसरी रांग कायमची पाडून ठेवता येते. पेट्रोलची पाहिली, तीत खुर्ची सपाट आडवी गेली आणि वर डबे राहिले. दुसऱ्या दिवशी ठाण्याला तशीच गॅसची पाहिली. (ऑक्टोबर २०२४ पासून मुलुंड नाक्यावर लहान गाड्यांचा टोल माफ झाला, त्यामुळे ठाण्याच्या फेऱ्यांचे काही वाटले नाही.) तिच्यात टाकी अगदी मागे, दारापाशी. पलीकडे जागा आहे, नाही असे नाही, पण टाकीवरून उचलून खुर्ची पलीकडे न्यायची. मी एकदा करून पाहिले. मुलाला म्हटले, "आता तू कर." त्याने केले, आणि मग गॅसविषयी बोलणे कमी झाले.

तरी ह्यांचा हिशेब होताच, आणि हिशेबाला उत्तर हिशेबानेच द्यावे लागते. मी वाण्याच्या वहीत एक महिनाभर लिहून ठेवले की गाडी असती तर कुठे कुठे गेलो असतो. व्यायामाच्या आठ फेऱ्या, डोंबिवली एकदा, बाजार, एखादे लग्न, डब्यांच्या फेऱ्या. बेरीज आली सुमारे ३०० किलोमीटर. एर्टिगा पेट्रोलवर, कंपनी १९ च्या आसपास म्हणते, पण शेजाऱ्यांच्या गाडीवरून शहरात १२ धरले. म्हणजे महिना २५ लिटर, २,६०० रुपयांच्या आत. गॅसवर किलोला १८ धरले तर सुमारे १७ किलो, १,३५० रुपये. फरक महिन्याला साडेबाराशे, वर्षाला पंधरा हजार. आता सारख्याच वयाच्या, सारख्याच चाललेल्या ज्या दोन गाड्या आम्ही पाहिल्या, त्यांत गॅसची सत्तर हजारांनी महाग होती. म्हणजे ते सत्तर हजार भरून यायला साडेचार वर्षांहून अधिक लागणार, आणि तोवर दर फेरीला टाकीवरून खुर्ची उचलायची. वही पुढे ठेवली. हे बराच वेळ आकडे तपासत बसले आणि मग म्हणाले, "पेट्रोलची बघू."

यावरून सीएनजी घेऊ नये असे मी म्हणते असे कृपा करून समजू नका. ज्यांच्या घरातले माणूस रोज मुलुंडहून अंधेरीला गाडीने जाते, महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर होतात, त्यांचे ते सत्तर हजार सव्वा-दीड वर्षात फिटतील. त्यांनी जरूर गॅसची घ्यावी, आणि सामान जास्त असेल त्या दिवशी टेम्पो करावा. पंपावरच्या रांगेची तयारी मात्र ठेवावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली तेव्हा मुंबईतले कितीतरी पंप बंद पडले होते. गाडी पेट्रोलवरही चालते, म्हणून टाकीत थोडे पेट्रोल नेहमी असावे. ज्यांचा डबे पोचवण्याचा रोजचाच धंदा आहे त्यांनी ईको पाहावी, दिसायला डबा आहे पण दार सरकते आणि आत शिरता येते. आमच्या भावजींनी रेनोची ट्रायबर सुचवली होती. तिच्या तिसऱ्या रांगेच्या सीटा हाताने उचलून घरीच ठेवता येतात, मग ६२५ लिटर जागा होते, आणि किंमतही कमी. मला ती फार आवडली होती. पण इंजिन एक लिटरचे, आणि गणपतीत भरलेल्या गाडीने घाट चढायचा, म्हणून ह्यांचे मन घेईना. ज्यांना घाट नाही त्यांनी ती अवश्य बघावी.

गॅसची जुनी घेणाऱ्यांनी एक पक्के ध्यानात ठेवावे. टाकी कंपनीची आहे की बाहेरून बसवलेली ते विचारा. बाहेरची असेल तर आरसी बुकावर इंधनापुढे पेट्रोल आणि सीएनजी दोन्ही लिहिलेले पाहिजे, आणि विम्याच्या कागदावरही. टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाची तपासणी करावी लागते, तिची तारीख पट्टीवर असते. पट्टी नाही, तारीख टळलेली आहे, तर पुढचे बोलणे बंद.

आता गाडी ठाकठीक आहे की नाही हे कसे ओळखावे? त्यासाठी मिस्त्री न्यावाच. आमच्या ओळखीच्या मिस्त्रीने दीड हजार घेतले आणि दोन गाड्या नापास केल्या. पण काही गोष्टी आपल्याला मिस्त्रीपेक्षा चांगल्या कळतात. पहिली म्हणजे वास. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा किती गाड्या पाण्यात गेल्या हे आपण डोळ्यांनी पाहिले. ती गोष्ट जुनी झाली, पण पाणी दर दोन-चार वर्षांनी कुठे ना कुठे भरतेच, आणि बुडालेल्या गाड्या पुसून-वाळवून बाजारात येतात. ओल लागलेल्या तांदळाचा डबा उघडल्यावर जो वास येतो तो गाडीत आला तर समजावे. उदबत्तीचा किंवा अत्तराचा भपकारा येत असेल तर अधिकच समजावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. पुसणाऱ्याने वरचा भाग पुसलेला असतो, आतल्या गुंडाळीवर चिखलाची रेघ राहते. डिकीतली सतरंजी उचलून स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवा. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांना गंज बघा. नापास झालेल्या दोहोंपैकी एक गाडी अशीच होती. बाहेरून अशी चकचकीत, की मुलाने तिचा फोटोसुद्धा मित्रांना पाठवला होता! खळग्यात हात घातला तर बारीक गाळ हाताला लागला.

दुसरे, गाडी किती चालली. काट्यावर तीस हजार आणि पायाखालच्या पेडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचे कातडे झिजून चमकते आहे, हे जमत नाही. काटा मागे फिरवणारे लोक आहेत. सर्व्हिस सेंटरची बिले मागा, प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात, ते चढत्या क्रमाने हवेत. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर पाच-सहा वर्षांचे निघाले तर नव्यांचा खर्च किमतीतून उतरवून घ्या. मालकाने "पाच मिनिटे थांबा, गाडी चालू करून ठेवतो" म्हटले तर नको म्हणा. गार इंजिन पहिल्या चावीला कसे लागते तेच तर बघायचे असते. धूर निळसर आला तर ते ऑइल जाळते.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी, म्हणून अॅव्हरेज थोडे घटते. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या बहुतेक याकरिता घडवलेल्या नाहीत, तेव्हा मिस्त्रीला पेट्रोलच्या रबरी नळ्या दाखवून घ्याव्यात.

कागदांचे मी थोडक्यात सांगते, पण इथेच पैसे बुडतात. आरसी बुकावरचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः वाचून जुळवावा. बुकावर बँकेचे नाव असेल तर कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि पस्तीस नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर मालकाची सही आपल्यासमोर व्हावी. जुने चलान थकलेले असते, ते गाडीच्या नंबरावरून सरकारच्या परिवहन साइटवर मुलांना बघायला सांगा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नव्या पद्धतीची नंबरपाटी बसवली आहे का बघा. दुसऱ्या राज्याचे पासिंग असेल तर तिथल्या आरटीओचे ना हरकत पत्र आणि इथला कर, ही दगदग धरून किंमत करा. आम्ही ते टाळले, ठाण्याचे म्हणजे एमएच-०४ पासिंग घेतले. आणि गाडी नावावर झाली की चौदा दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करायचा असतो. पुष्कळजण पेढे वाटतात आणि विमा विसरतात; मग धक्का लागला की कंपनी विचारते, गाडी तुमची, विमा कोणाचा?

आमची गाडी २०१९ ची, एकाच मालकाची, पन्नास हजारांच्या आत चाललेली मिळाली. सात लाख दहा हजारांना ठरली, उरलेल्यात दोन टायर आणि विमा झाला. रंग तपकिरी आहे, मुलाला पांढरा हवा होता. सासूबाई पुढे बसतात, कारण पुढच्या सीटवर चढणे त्यांना सोपे जाते. आमचे हे गाडी चालवतात आणि मी मागे. यंदा गणपतीला त्या तीन वर्षांनी गावच्या घरी आल्या. वाटेत माणगावजवळ दोन तास गाड्या हललेल्या नव्हत्या, तेव्हा डिकीतून खुर्ची काढून झाडाखाली मांडली आणि त्या खुशाल बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना कुठले गाव म्हणून विचारत होत्या.

आपल्यापैकी कोणाला गाडी बघायला जायचे असेल तर मला बोलवा, मी येईन. मात्र आदल्या दिवशी सांगा आणि सकाळी सातला निघू, म्हणजे इंजिन गार सापडेल. टेप माझ्याकडे आहे. तुमच्या घरातली सर्वांत मोठी वस्तू तेवढी घेऊन या.